चिंचेने घासलेले पाय

एसटी नाशकात शिरत होती तेवढ्यात धाकट्या भावाचा, दीपकचा फोन आला. "ताई, मी पाहुण्यांना आणायला निघालोय. तू थेट चौकात जा. संध्याकाळी अनावरण आहे, तोपर्यंत मूर्तीला कुणाला हात लावू देऊ नको." आम्ही सोलापूरचे. दीपक शिल्पकार, आणि शहराच्या चौकात उभं राहणारं त्याचं हे पहिलंच काम. घरातली रखवाली लहानपणापासून माझ्याच गळ्यात. मी निमूट बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाड (जमिनीत बांधलेला रंगाचा दगडी हौद) उघडतात आणि माणसं तीत उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. दीपकने तो धप्पाच चुनखडीत कोरला होता. उसळत्या लाटेवर गुडघे पोटाशी घेतलेला गडी, आणि त्याची पावलं बघणाऱ्याच्या हाताशी.

चौकात पोचले तर कापड अर्धं वर सारलेलं. नऊवारीतल्या एक आजी भिजवलेल्या चिंचेने ती पावलं खसाखसा घासत होत्या.

"आजी, आधी हात थांबवा."

"का गं? सणाला देव चिंचेनंच घासतो आम्ही. लय मळकट दिसत व्हता."

"अहो, हे पितळ नाही, चुन्याचा दगड आहे. आंबटाने झिलई जाते त्याची."

मी घाईघाईने पाणी ओतलं, पण उशीर झाला होता. पावलं पांढरट, खरबरीत. मला असा संताप आला की मी त्यांच्या हातातली चिंच हिसकावून घेतली. आजींचा चेहरा उतरला. "आमच्या गल्लीची रहाड हाय ना," त्या हळूच म्हणाल्या. "पहिला धप्पा आमच्या ह्यांचा असायचा. ते गेले. म्हटलं, आपल्या हातानं पाय धुवावेत." समोरच्या घरातून त्यांनी माझ्यासाठी मिसळ आणली. तर्री झकास होती, पण दोन घासांत मी ती बाजूला ठेवली.

दुपार कलताना पाहुण्यांना हॉटेलवर उतरवून दीपक आला आणि पावलांवर वाकला. "कुणी केलं?"

सांगावं तर म्हातारीची धडगत नव्हती. आजी स्वतःच पुढे आल्या. "मी केलं, बाबा. ह्यांचे पाय समजून."

त्याने खरबरीत दगडावरून अंगठा फिरवला. परत झिलई द्यायला दोन दिवस तरी हवे होते, आणि पाहुणे तासाभरात येणार होते. शेवटी म्हणाला, "कापड खाली ओढ, ताई. आहे तसंच दाखवू."

अनावरण झालं, टाळ्या पडल्या. मग गल्लीतल्या बायका पुढे सरसावल्या आणि एकेक करून पावलांना हात लावून नमस्कार करू लागल्या. दीपकने माझं मनगट घट्ट धरलं. आता हा ओरडणार, असं वाटलं. तो ओरडला नाही.

सकाळी परतीच्या वाटेवर आमची दोघांची रिक्षा चौकात आली. आजी कोरड्या तळहाताने ती पावलं चोळत होत्या. "माणसांचे हात लागून लागून दगड पुन्हा गुळगुळीत होतो," दीपक म्हणाला, "पण वर्षं जातात." राखायचं म्हणजे लोकांचे हात लांब ठेवायचे, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. रिक्षा थांबवून मी उतरले आणि आजींच्या शेजारी उभं राहून दुसरं पाऊल चोळायला घेतलं.