टूबखाली निळी, उन्हात जांभळी

नांदेडात कॉलेजांच्या लॅबना केमिकल पुरवता पुरवता माझ्या दुकानात दोन गोष्टी साचल्या: धूळ आणि किस्से! धूळ रोज झटकतो. किस्से ऐकायला मात्र कोणी येत नाही. ऑर्डरी सगळ्या मोबाइलवर.

त्यातले निम्मे किस्से एकाच बाटलीचे. नियोडिमियम ॲसिटेट, म्हणजे नियोडिमियम धातूचं मीठ!

*

उमरीचे लॅब असिस्टंट माधवराव ती घेऊन मोटारसायकलपर्यंत गेले अन् उलट्या पावली परत. "शेटजी, आत निळी दाखवली, बाहेर जांभळी निघाली!"

काउंटरवर ठेवली, पुन्हा निळी. तीन खेपा केल्या बिचाऱ्यांनी!

"मीठ हाय का सरडा? ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच!"

*

माझ्या बायकोला, सुमनला, केमिकलमधलं काही कळत नव्हतं. साडीचा रंग बघायला दुकानाबाहेर नेतात, तशी तिनं बाटली पायरीवर नेली. "माल उन्हात बघावा. टूबखाली सगळंच खोटं."

ती जाऊन चार वर्षं झाली. बाजारभर एलईडी आले. माझी टूब तीच आहे.

*

अर्धापूरचे केळीवाले पाटील म्हणाले, "यातल्याच धातूचं चुंबक करतात म्हणं?" आणि बाटलीला किल्ली लावली. चिकटेना!

म्हटलं, "पाटील, कडब्यातून कधी लोणी निघालंय का? मधी म्हैस लागती!"

*

मुखेडचे बिराजदार सर केमिस्ट्रीचे. रिटायर झाले, घरी एकटेच. त्यांनीच समजावलं, "टूबच्या उजेडात मोजकेच रंग, उन्हात सगळे. म्हणून ही बदलते. पाण्यात विरघळते. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून युरेनियमच्या मिठाऐवजी हीच वापरतात."

मग म्हणाले, "मला एक बाटली पाहिजे."

लॅब नाही, सूक्ष्मदर्शक नाही! माझा हात बाटलीकडे गेला, पण तोंडातून निघालं, "संपली हो सर. पुढच्या गुरुवारी बघा."

तेव्हापासून दर गुरुवारी मुखेडची एसटी. "आली का बाटली?" "न्हाई अजून." मग पायरीवर दोन चहा. तीच बाटली आमच्या मधे, उन्हात.

मागं दोन गुरुवार सर आलेच नाहीत. फोनही लागेना. दोन्ही वेळा मी चहा दोनच सांगितले.

तिसऱ्या गुरुवारी काठी टेकत आले. पायरीशीच थांबून, घाबऱ्या आवाजात म्हणाले, "शेटजी, मधल्या काळात आली तर नाही ना बाटली?"

"कुठली यायला!"

"बरं झालं," म्हणाले. आणि बसता बसता, सावलीत गेलेली बाटली त्यांनी उन्हात सरकवली.