नावडतीचा शेवट

श्रावणातल्या शुक्रवारी कहाणी सांगावी ती द्वारकाबाईंनीच, असा पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीचा रिवाज होता. बाया मुठीत अक्षता धरून नावडत्या राणीची कहाणी ऐकायच्या आणि ती संपली की अक्षता देवीला वाहायच्या.

द्वारकाबाईंचा नवरा लासूर स्टेशनला दुसरीबरोबर संसार थाटून बसला होता. दरसाल कहाणीतल्या राजाला पस्तावायला लावून, पालखीसकट नावडतीच्या दारात आणून त्यांचं तोंड कडू झालं होतं. यंदा त्यांनी नवीच कहाणी रचली. राजा पालखी घेऊन आला, तशी नावडती गोठ्यातूनच म्हणाली, "शेण काढायचं राहिलंय. काढणार असाल तर थांबा, नायतर वाटेला लागा." राजा वाटेला लागला. नावडतीनं दूध तापवलं आणि साय सगळी एकटीनं खाल्ली. झाली कहाणी.

कुणाचीच मूठ उघडेना.

"मावशी, असं कसं?" शेजारची अलका म्हणाली. "राजानं तिला नेलंच पाहिजे. नायतर आम्हाला व्रताचं फळ कसं मिळायचं?"

"आन् तिलाच जायचं नसलं तर?"

"तिला कोण विचारतंय!"

बाया खळखळून हसल्या, पण मुठी मिटलेल्याच. शेवटी द्वारकाबाईंनी दातओठ खात नावडतीला पालखीत कोंबलं. लगेच देवीवर अक्षता पडल्या.

निघताना अलकानं त्यांच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवले आणि मायेनं म्हणाली, "मावशी, धीर धरा. काका पण येतील बघा एक दिवस न्यायला."