चौलचे ससे आणि आप्पांचं सोवळं

चौलला जायचं ठरलं ते संपादकांच्या टेबलाशी. साठच्या दशकाची सुरुवात होती, मी मुंबईतल्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो आणि महिलांच्या पानावर अर्धा रकाना मोकळा पडला होता. "काहीतरी वेगळं आणा, मंगळवारपर्यंत," एवढीच सूचना. मला माझी मावसबहीण सुधाताई आठवली. ती चौलला सासरी अंगोरा ससे पाळत होती आणि त्यांची लोकर टकळीवर कातत होती. चौलला कसं जायचं, काय बघायचं, असं हल्ली बरेच जण विचारतात. म्हणून ही माझी पहिली फेरी लिहून काढतो आहे.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची. आता बहुतेक लोक मांडव्याच्या बोटीने जातात, तेच सोयीचं. लाँचीत बसायचं तर सावलीच्या बाजूला, आणि इंजिनापासून लांब, नाहीतर उतरल्यावरही कानात धडधड राहते. चैत्र संपत आला होता. माझ्याशेजारी मासळी विकून परतणारी एक कोळीण रिकाम्या टोपलीवर पाय ठेवून बसली होती. कुठे जातोस, कशाला जातोस, अशी तिने चौकशी केली. मी सशांचं सांगितलं.

"ससं पालतान, नि खात न्हाय?"

"नाही. केस कापतात त्यांचे."

"बया! मंग तुजी बहीन न्हावीन झाली म्हन की!"

पलीकडच्या बायकाही हसल्या. मीही हसलो. तो 'केस' शब्द पुढे मला महागात पडणार होता, हे तेव्हा कळलं नाही.

रेवसहून अलिबागपर्यंत एसटी, तिथे बस बदलून रेवदंड्याची. अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या होत्या, एक घेतली. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरी, आणि वाटेत चुरडतही नाही. अक्षी, नागाव मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या सुरू झालेल्या असतात. सुपारी, त्यात केळी, मधूनच रहाटाची करकर. बाहेर ऊन रणरणत असलं तरी वाडीत शिरल्यावर डोळ्यांना गार वाटतं. चौलला राहायचं असेल तर वाडीतलंच घर बघा.

सुधाताईचे ससे मात्र वाडीत नव्हते. "मुंगूस आहे, कोल्हे आहेत," ती म्हणाली. तिने मला नेलं ते बाळंतिणीच्या खोलीत. मातीच्या जाड भिंती, एक झरोका, खाली सारवलेली जमीन. घरातली सगळ्यांत थंड जागा. तिथे बांबूच्या पट्ट्यांच्या खुराड्यांत पाच ससे होते. ससे म्हणजे मला आधी पिंजलेल्या कापसाचे गोळेच वाटले, मग एकेका गोळ्याला डोळे दिसले. तिच्या यजमानांची नोकरी आधी थंड हवेच्या ठिकाणी होती. तिथून त्यांनी जोडी आणली. पुढे बदली मुंबईला झाली, तेव्हा जोडी आणि सुधाताई दोघीही चौलला आल्या.

"हा कापूसकोंड्या," म्हणत तिने सर्वांत मोठा ससा मांडीवर घेतला. फणीने विंचरून सुटलेले तंतू डब्यात ठेवायचे, बाकीचे वाढले की कात्रीने कापायचे. मग शाळेत सूतकताईच्या तासाला शिकलेली टकळी. "पण कापसासारखं ओढून चालत नाही रे वसंता. निसटतं. पीळ जास्त द्यावा लागतो." तिने धागा माझ्या मनगटावर ठेवला. काही ठेवलंय हे मला थोड्या वेळाने, ऊब आल्यावर कळलं.

बोलता बोलता तिने खरी अडचण सांगितली. खोली आणि देवघर यांच्यामध्ये नुसता कूड होता. त्याच्या फटींतून तंतू उडून देवघरात जात. आठवड्यापूर्वी नैवेद्याच्या भातात एक निघाला. आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ताट बाजूला सारलं आणि निकाल दिला: अक्षय्य तृतीयेच्या आत ससे गोठ्याच्या पडवीत. पडवीवर पत्रा. मागच्या वैशाखात याच पडवीत तिचे दोन ससे उन्हाने गेले होते.

"आप्पा वाईट नाहीत रे," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं एवढंच, नैवेद्यात केस आला. केस म्हटलं की ओवळं. पण लोकर म्हटलं की सोवळं, हो ना? ते स्वतः धाबळी नेसून पूजेला बसतात. ती काय झाडाला लागते?"

म्हणून तिने थंडीभर कातलेल्या धाग्याचं, दोन सुयांवर, आप्पांसाठी उपरणं विणलं होतं. उद्या पूजेआधी देणार होती. एकदा त्यांनी ते सोवळ्यात अंगावर घेतलं की केसाची लोकर झाली, आणि ससे राहिले.

जेवणात डाळिंबीची उसळ, पोह्याचा पापड आणि कैरीचं सार होतं. आप्पांनी मला विचारलं, "काय हो पेपरवाले, कशावर लिहिणार?" मी बेसावधपणे म्हणालो, "सशांच्या केसांवर." सुधाताईने वाढता वाढता माझ्याकडे असं बघितलं की पुढचा पापड मी आवाज न करता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांबरोबर गावातल्या रामेश्वराच्या देवळात गेलो. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळीच जावं. तळं शांत असतं आणि पायऱ्या तापलेल्या नसतात. परत आलो तर न्हाणीच्या दारात सुधाताई भिंतीला टेकून उभी होती, आणि आप्पांची विधवा बहीण, ताईआत्या, हातात काठी घेऊन रडकुंडीला आली होती.

घडलं होतं ते असं. ताईआत्या सुधाताईच्याच बाजूची. पण कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय सोवळ्यात चालत नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. आप्पांना खोट काढायला जागा राहू नये म्हणून तिने ते उपरणं गुपचूप उचललं, बंबातल्या कढत पाण्यात बुडवलं आणि काठीने चांगलं घुसळलं. सुती असतं तर काही झालं नसतं. लोकर आटली. लांब, हलकं उपरणं गेलं आणि काठीवर लटकत होता तो जाड, आखूड, चौकोनी तुकडा.

"मेलीनं मी काय केलं गं सुधा!"

"असू दे आत्या," सुधाताई म्हणाली. तिचा आवाज मात्र असू देण्यासारखा नव्हता.

आप्पांनी तुकडा काठीवरून काढला, उलटसुलट केला. "हे काय, घोंगडीचं पिल्लू?"

ताईआत्याच डोळे पुसत म्हणाली, "दादा, तुझ्यासाठी उपरणं विणलं होतं पोरीनं. सोवळ्यातलं व्हावं म्हणून मी बुडवलं. आता तूच ठरव काय ते."

"सोवळ्यात बुडवलंस?"

"अंघोळ करून, ओलेत्यानं. आणखी काय जीव देऊ?"

आप्पांनी अंघोळ केली, ओलेत्यानंच तो तुकडा पुन्हा गार पाण्यातून काढून पिळला, पाणी निथळू दिलं आणि वाडीकडच्या उन्हात स्वतः काठीने वर वाळत घातला. त्या दिवशी पूजेला बराच उशीर झाला, कारण ते तो वाळायची वाट बघत ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. मग धाबळी नेसून देवघरात गेले, तुकडा पाटावर अंथरला आणि बसले. बसल्यावर एकदा उठल्यासारखं केलं, पुन्हा बसले. "गुडघ्याला बरं आहे," हे देवाला सांगितलं की आम्हाला, कळलं नाही.

पूजा निम्म्यावर आली असेल, कुडाच्या फटीतून एक पांढरा तंतू तरंगत आला आणि तुळशीच्या पानावर बसला. मी दारातून पाहत होतो. सुधाताईने डोळे मिटले. आप्पांनी तो दोन बोटांनी उचलला, बाजूला ठेवला आणि मागे न वळता म्हणाले, "सुधा, तुझी लोकर आली गं इकडे. त्या फटी लिंपून घे."

लोकर म्हणाले ते.

दुपारी ताईआत्याने शेण आणि माती कालवून फटी बुजवल्या आणि मी, घरचाच म्हणून, बादल्या वाहिल्या. रविवारच्या लाँचीने परतलो. लेख वेळेत दिला. वैशाख पार पडला आणि पाचही ससे वाचले, हे सुधाताईचे यजमान नंतर मुंबईत भेटले तेव्हा कळलं. पुढे पिल्लं झाली, मग हळूहळू ससे संपले, आणि काही वर्षांनी सुधाताईची लेक त्याच खोलीत बाळंत झाली. सुधाताईने मला दिलेली लोकरीची लडी एका कानटोपीलाही पुरली नसती. ती कपाटात तशीच आहे.

घरी पोचलो त्या संध्याकाळी बायकोने माझ्या काळ्या कोटावरून एक लांब, पांढराशुभ्र तंतू उचलून दिव्याजवळ धरला होता.

"हा कुणाचा केस?"

"केस नव्हे, लोकर."

लडी पुढे केल्यावरच तिचा विश्वास बसला. आता आमच्याकडे सुना-नातवंडं आहेत, त्यांतल्या कुणी चौलचे ससे पाहिलेले नाहीत. पण आमटीत केस निघाला आणि कुणी नाक मुरडलं, की ताटाच्या पलीकडून कुणीतरी म्हणतंच, "लोकर आहे, जेवा."