बिनवासाची फरशी

त्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशींचा मोठा दरारा होता, आणि तो सगळा फिनेलच्या जोरावर. सकाळी बादलीत असा सैल हात सोडून ओतायच्या की फाटकाशी आलेल्या माणसाच्या नाकाला झिणझिण्या याव्यात. संडासात तर थेट अ‍ॅसिड. हेडक्लार्क जिन्यातूनच नाक वर करून म्हणायचे, वा, मावशी येऊन गेलेल्या दिसतात. तेवढ्या एका वाक्यावर मावशींचा दिवस निघायचा. खोकला यायचा म्हणा, पण खोकला काय, कुणाला येत नाही?

मग वरून हुकूम आला, सरकारी इमारतीत जहाल रसायनं बंद. स्टोअरच्या बाई अशा कामात आधीच हौशी. त्यांनी जुन्या बाटल्या परत धाडल्या आणि साबणासारखं काहीतरी पातळ आणून ठेवलं. मावशींनी झाकण काढून हुंगलं. वासाच्या नावानं शंख. नाक मुरडतच त्यांनी गुडघे टेकून नेहमीच्या दुप्पट घासलं, इतकं की फरशीत बघून छताच्या पंख्याची पाती मोजावीत. हेडक्लार्क आले, त्यांनी हुंगलं आणि विचारलं, मावशी आज रजेवर का?

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्यांनी पदरमोड करून बाजारातून अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर आणली, पिशवीत लपवून आत नेली आणि संडासात दोन्ही एकावर एक ओतली. म्हटलं, होऊन जाऊ दे. असा धूर उसळला की डोळे, नाक, घसा सगळं एकदम बंद. स्टोअरच्या बाईंनी दंडाला धरून बाहेर ओढलं म्हणून निभावलं.

बाईंनी त्यांना अंगणात बसवून पाणी पाजलं, मग यथेच्छ झापलं, मग पुन्हा पाणी पाजलं. ही दोन एकत्र केली की विषारी वायू होतो, जीव गेला असता, म्हणाल्या. आणि हे सगळं मागच्या नळीतून ओढ्यात जातं. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती कुणाची आहे?

वस्ती मावशींचीच. नात दुपारभर त्या ओढ्यात पाय सोडून बसायची आणि संध्याकाळी पाय खाजवून रडायची. घरात कसला साबण आणतेस म्हणून मावशींनी सुनेला काय काय ऐकवलं होतं. आता आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनातलं राहवेना.

"पण बाई, वास नसला तर मी काम केलं हे कुणाला कळणार कसं?"

बाईंनी पेला पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला.

इकडे हेडक्लार्कांनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलंच होतं, स्वच्छता राहिली नाही, जुनंच सामान बरं होतं. साहेबांना कटकट नको. त्यांनी तिघांना आत बोलावून सांगितलं, नव्यानं भागत नसेल तर खास परवानगी काढू, जुनं आणू, पण मला फायली बघू द्या. काय मावशी, भागतं की नाही?

सगळ्यांच्या नजरा मावशींवर. एकदा नुसतं "नाही" म्हटलं की झालं, गेलेला मान उद्या सकाळी परत. मोह झालाच, खोटं कशाला बोला. बाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. मावशी साहेबांना सोडून हेडक्लार्कांकडे वळल्या.

"फरशी स्वच्छ आहे, हात लावून बघा. वास यायचा म्हणून मी आलेली तुम्हाला कळायची. आता वास येणार नाही. आता माझ्याकडे बघावं लागेल."

हेडक्लार्कांनी फरशीला हात लावला नाही. त्यांनी मान वळवून मावशींकडे पाहिलं, नीट, चांगलं घटकाभर.

"चष्मा कधी लागला तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नोकरीला लागले तेव्हापासून आहे, साहेब."