काचेवरचे वण

माझे बाबा मुंबईहून कायमचे घरी आले, कारण त्यांच्या गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला होता. शिडी न चढणारा वायरमन कुणाला हवा? मालकाने नारळ दिला. बाबांनी पक्कड, पेचकस फडक्यात गुंडाळले, आगबोटीने रेवसला उतरले आणि थळच्या अलीकडल्या आमच्या गावी येऊन ओटीवर बसले. सन तीसच्या पुढची दोनचार वर्षं असतील ही.

गावात वीज नव्हती. तार म्हणजे धुणं वाळत घालायची, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबांना करायला काहीच काम नाही, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून वीज कशी चालते ते समजावून सांगायचे. थोड्याच दिवसांत लोक आमच्या दारावरची वाट सोडून मागच्या बांधावरून जायला लागले. आई म्हणायची, "मुंबैत काय दिवे लावले ते मला ठाऊक हाय. हितं कशाला लोकांना तरास?"

मग एकदा बाबा मुंबईला गेले आणि पेटी घेऊन आले. तिच्यात जुन्या बाजारातला लाकडी कॅमेरा, काचा आणि वास मारणाऱ्या बाटल्या. मुंबईत एका फोटोवाल्याच्या दुकानात त्यांनी दिवे बसवले होते. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचे, बघून बघून सगळं शिकले, आणि घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. आईची कोठी त्यांनी काबीज केली. कोठीत सुकट, बोंबील, लसणाच्या माळा, आणि आता लाल कागद लावलेला कंदील घेऊन आत कोंडून घेतलेला नवरा! वाळत घातलेल्या फोटोंना सुकटीचा वास यायचा आणि सुकटीला औषधाचा. आईने डोक्यावर हात मारून घेतला, पण कोठी काही परत मिळाली नाही.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं गावाचं ठाम मत. त्यामुळे पहिले गिऱ्हाईक आमचे बैल. बिचारे शांत उभे राहिले, पण शेपट्या कोण थांबवणार? फोटोत शेपट्यांच्या जागी नुसता धूर आला. मग पाटलीणबाईंनी धीर केला. फोटो बघितला आणि भडकल्या, "ही कोण म्हातारी बसवलीत माझ्या जागी?" बाबांनी त्या फोटोची काच पुन्हा बाहेर काढली; तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा आणि काचेवरून कागदावर उतरायचा. काचेवर चिकट वार्निश लावायचं आणि भिंग डोळ्याला धरून, टोकदार पेन्सिलीने एकेक सुरकुती भरत जायचं, ही त्यांची सगळ्यात आवडती विद्या. पाटलीणबाई फोटोत अशा काही तरुण झाल्या की खुद्द पाटील ओळखेनात. झालं! ज्या बायांना मरणाची भीती वाटत होती त्या सगळ्या लुगडी नेसून आमच्या अंगणात हजर. आयुष्य गेलं तर गेलं, सुरकुत्या जायला हव्यात.

आता माझं सांगते. मी अगदी लहान असताना मला देवी आल्या. जगले, पण गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वण राहिले. माझ्याशी बोलताना लोक माझ्या कानाकडे नाहीतर छपराकडे बघायचे. बाबा तेवढे सरळ तोंडाकडे बघायचे. बाबांना माझे वण दिसतच नाहीत असं मी लहानपणी मनाशी पक्कं केलं होतं, आणि मोठी झाल्यावरही ते सोडलं नव्हतं. माणसाला एवढं एक ठेवून द्यावंसं वाटतं.

माझ्या बरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं आली, मी आपली घरात. जी स्थळं आली ती पोहे खाऊन, छपराकडे बघून, "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. आईच्या जिवाला घोर लागला. माझ्याही लागला होता, उगाच शूरपणा कशाला सांगू? मला माझं घर हवं होतं. तेवढ्यात उरणकडच्या मिठागरवाल्यांचं एक स्थळ कुणीतरी सुचवलं. आई बाबांना म्हणाली, "अवो, गावभर बायांचे फोटो काढता, आपल्या पोरीचा काढा न् द्या धाडून." आमच्यात फोटो धाडून सोयरीक जमवायची रीत नव्हती. पण आमच्यात कॅमेरा तरी दुसऱ्या कुणाकडे होता?

बाबांनी मला ओटीवर बसवलं, हलू नकोस म्हणाले, फोटो काढला. पुष्कळ दिवस कोठीतून बाहेर आले नाहीत. मग एका सकाळी फोटो माझ्या हातात दिला. एक देखणी मुलगी माझं लुगडं नेसून बसली होती. गाल अगदी लोण्यासारखे.

"पेन्सिल लावलीत?" मी विचारलं.

"तुला कशाला लागते पेन्सिल? उजेड चांगला होता."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

उरणहून निरोप आला: फोटो पसंत, मुलगी बघायला येतो. आईने लगेच डाव टाकला. पाहुण्यांनी संध्याकाळच्या तरीतून खाडी ओलांडावी, मुक्काम करावा, सकाळच्या तरीने परत जावं. म्हणजे मुलगी बघायची ती कंदिलाच्या उजेडात, आणि कंदिलाची वात आईच्या ताब्यात. मुलगा आणि त्याचे वडील आले. मी पदर ओढून समोर बसले. आईने वात इतकी खाली केली होती की मला पाहुण्यांचे नुसते फेटे दिसत होते.

बाबा आत आले आणि म्हणाले, "हा कसला उजेड? कोण कुठे बसलंय ते तरी कळतंय का?" आणि त्यांनी वात भसकन वर केली. उभा जन्म उजेड देण्यात गेलेला माणूस तो, त्याला अंधार कसा सोसवणार? दाराआडून आईच्या बांगड्या जोरात वाजल्या. आई खोकली. पुन्हा खोकली. बाबा म्हणाले, "पाणी पी जरा."

मुलाच्या वडिलांनी बंडीच्या खिशातून तो धाडलेला फोटो बाहेर काढला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. काहीतरी बोलायला हवं म्हणून बिचारे म्हणाले, "फोटो मात्र झकास काढलाय हो."

एवढंच पुरलं. इतक्या दिवसांत बाबांच्या कलेबद्दल गावात कुणी आपणहून कौतुकाचा एक शब्द काढला नव्हता. ते टुणकन उठले, त्या गुडघ्यांनी! कोठीतून काच आणली, कंदिलापुढे धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवायला लागले. "खरी गंमत इथे आहे, पाव्हणे. हा बघा, डाव्या डोळ्याखालचा. सगळ्यात खोल. ह्याने फार छळलं. हा ओठावरचा, हा जरा जास्त भरला असता तर ओठच सुजल्यासारखा दिसला असता. आणि हे गालावरचे, एकाला एक लागून..."

आत काहीतरी आदळलं. बाबांनी वर बघितलं, पाहुण्यांचे चेहरे बघितले, आणि पेन्सिल तशीच हवेत राहिली.

लग्न मोडलं असंच मी धरलं. त्याचं वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. वाटलं, फार वाटलं. पण त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. बाबांना माझा एकेक वण पाठ होता! छपराकडे बघणारे परवडले, असं झालं मला. रडू आलं नाही, संताप आला. मी पदर मागे टाकला आणि म्हटलं, "बाबा, ते सगळं पुसा. मी आहे तशी दिसू द्या." आणि आत निघून गेले.

मागून मुलाच्या वडिलांचा आवाज आला. "पोरगी बरोबर बोलतेय. सकाळी तसा एक काढून द्या आम्हाला. घरी बाया इचारतील, त्यांना काय दाखवू?"

पाहुण्यांना मी वाढलं. आईने रागाच्या भरात कालवणात मीठ दोनदा घातलं होतं. मिठागरवाले असूनही त्यांनी तांब्यावर तांबे पाणी पिऊन ते गोड मानून घेतलं.

सकाळी बघते तर बाबा ओटीवर काच मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी टर्पेंटाइनची बाटली, हातात कापसाचा बोळा. बोळा काही काचेला लागत नव्हता.

"पुसवत नाही, बाय," ते म्हणाले.

"का? एवढी मेहनत वाया जाते म्हणून?" मी अजून धुसफुसतच होते.

"तसं न्हाय गं." मुंबईची भाषा गळून पडली त्यांची. "तुला देवी आल्या तेव्हा मी मुंबईला. मला कळलं तेव्हा तू बरी होऊन अंगणात खेळत होतीस. सगळं तुझ्या आईने एकटीने काढलं. आता ही पेन्सिल घेऊन बसायचो ना, एकेक वण भरायचो, तेव्हा वाटायचं, मी आत्ता तुझ्या उशाशी बसलोय. ते पुसायचं म्हणजे तुला पुन्हा टाकून गेल्यासारखं वाटतं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मला हुंदकाच आला, पण पाहुणे पडवीत दात घासत होते. मी बाबांच्या हातातून बोळा घेतला.

"बसलात ना उशाशी? झालं तर," मी म्हटलं. "आता मी बरी झालेय."

आणि मीच काच पुसली. एकेक वण परत येत गेला. आश्चर्य असं की मला ते बघून बरं वाटलं, ओळखीची माणसं भेटल्यासारखं.

काच आणि कागद चौकटीत घालून आम्ही अंगणात उन्हात ठेवले. कागद हळूहळू तांबूस झाला आणि त्यात मी उमटायला लागले. मुलगा चौकटीशी उकिडवा बसला होता. आदल्या संध्याकाळपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. आता म्हणाला, "जरापण हलली न्हाय."

त्याच्या वडिलांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "हां, ही ती. काल हिनेच वाढलं आम्हाला. त्या पहिल्या फोटोतल्या बाईची मला धास्तीच होती. असली नाजूक बाई मिठागरावर टिकायची कशी?" मग ते बाबांकडे वळले. "आता आमच्या पोराचा पण काढा. हिच्या शेजारी बसवून. आणि ह्याचे पुढचे दात हायत तसेच येऊ द्या, तिकडे पेन्सिल नेऊ नका."

मुलगा हसला. दात खरंच बरेच पुढे होते, म्हणून तोंड मिटून होता तर!

आम्हाला दोघांना बाकावर बसवलं, मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आई कणकेच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. बाबांनी कॅमेरा लावला, त्याच्यामागचं काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि आत शिरले. आम्ही श्वास रोखून बसलो. बाबा बाहेर येईनात. फडकं हलत होतं.

"अवो, झोपलात का आत?" आई म्हणाली. "पोरं ताटकळली."

फडक्याखालून बाबांचा घोगरा आवाज आला, "थांब गं जरा. अजून मला नीट दिसत न्हाय."