दुसऱ्याच सरांचं नाव

आमच्या चिमणीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाआधी एक वर्ष थांबून संशोधन करायचं ठरवलं आणि घरात नुसता गोंधळ उडाला. गॅप म्हटलं की आमच्या लोकांना एकच अर्थ ठाऊक. काकूने तर फोनच केला, "किती विषयांत नापास झाली गं?" मी म्हटलं, "एकातही नाही. तुमच्या ज्ञानात भर पडावी म्हणून सांगते."

भेटीच्या दिवशी सकाळीही बाबा हट्टाला पेटलेलेच. "आज संध्याकाळपर्यंत संशोधनाची फेलोशिप पक्की झाली तर घे वर्ष. नाहीतर गपगुमान कॉलेजला जायचं!"

बिचारी महिनाभर ओळख ना पाळख अशा डॉक्टरांना मेल पाठवत होती. उत्तर आलं एकाच ठिकाणाहून, नवजात बाळांच्या काविळीवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमकडून. 'भेटायला या,' एवढंच.

माझं शिलाईचं दुकान बंद करून मी तिला स्कूटरवरून घेऊन गेले. मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर बसून ती आपलाच मेल पुन्हा वाचायला लागली आणि पांढरीफटक पडली.

"ताई, मेले मी! वर नाव दुसऱ्याच सरांचं आहे."

मजकूर सगळ्यांना तोच, फक्त नाव बदलायचं, आणि इथे नेमकं तेच राहिलं होतं. 'सर, तुमचं काम वाचून मी भारावून गेले,' आणि आत बसलेल्या बाई!

"डोळे काय घरी ठेवून आली होतीस?" मी खेकसले.

"चल ना, परत जाऊ."

"आत गेलीस तर त्या ओरडतील. नाही गेलीस तर मी. ठरव."

मलाही परत फिरावंसं वाटत होतं, पण तिला कशाला सांगू? ती आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं आणि मी खुशाल कान लावला.

"मॅडम, आधी एक सांगायचंय. मेलमध्ये नाव..."

"पाहिलंय मी. तुला कधी कळलं?"

"आत्ता. बाहेर बसल्यावर."

"मग पळून का नाही गेलीस?"

मी दाराला आणखी चिकटले. बोल गं बाई काहीतरी!

"दाराशी ताई उभी आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. झालं, वर्ष गेलं बोंबलत!

"माझं काही वाचलंयस?"

"एकच पेपर. अर्धा कळला, अर्धा नाही."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"इथे एक आकडा चुकला तर बाळाला भोगावं लागतं. चूक झाली की अशीच लगेच येऊन सांगायची. जमेल? मग फेलोशिप पक्की, सोमवारपासून ये."

दार उघडलं आणि मॅडमनी मला पकडलंच. "तुम्हीच ताई ना? हिला आत ढकलायला रोज येणार का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चिमणीच म्हणाली, "नाही मॅडम. आता मी एकटी येईन."

मला आनंद झाला. आणि खरं सांगते, वाईटही वाटलं.