आबांचा सूडो

एंटरचं बटण आबा अंगठ्याने दाबायचे. आपण बोटाने टिचकी मारतो तसं नाही. ढेकूण चिरडावा तसं, जरा दाबून धरून. आणि दाबताना म्हणायचे, "घे."

दुकानात आलेलं गिऱ्हाईक दचकून बघायचं. समोर तर एक जुना लॅपटॉप आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. हे म्हणाले कुणाला?

मनात सूड धरून बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा राग दोन-चार महिन्यांत निवतो, नाहीतर बाटलीत उतरतो. आबांनी आपल्या रागापायी साठीनंतर लिनक्स शिकायला घेतलं. असा दुसरा माणूस मला तरी भेटलेला नाही.

माझं तळेगावात स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आबा आंदर मावळातल्या एका वाडीचे. नवलाख उंबरे गावाकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. घरी भातशेती, दोन म्हशी. शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी ते आले. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि खिशातून पेनड्राइव्हएवढा एक डोंगल काढला.

"ताई, ह्यातलं विंडोज काडून लिनक्स घाला. आन् ह्यो रेडिओ त्यात चालला पायजे."

"रेडिओ ऐकायचाय का?"

"ऐकायचा न्हाई. बगायचाय. कुनाचा आवाज कुटनं येतोय ते."

एका बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं नाही. येत राहिले, तसतसं कळत गेलं.

आदल्या भातकापणीला त्यांची बायको, मी ज्यांना पुढे मावशी म्हणू लागले त्या, खळ्यावरच कोसळल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात-पाय लुळा पडला. आबांच्या फोनला रेंजच्या कांड्या पूर्ण होत्या, पण फोन लागेना. ॲम्ब्युलन्सला लावला, शेजारच्या गावच्या डॉक्टरला लावला, मेहुण्याला लावला. कुठेच लागला नाही. शेवटी मावशींना शेजारणीच्या मांडीवर ठेवून आबा डोंगराच्या वळणापर्यंत पळत गेले. तिथे दुसऱ्या टॉवरची रेंज येते. मेहुण्याला फोन लागला, तो जीप घेऊन आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं."

ते "जरा आधी" आबांच्या डोक्यात जाऊन बसलं.

फोन का लागला नाही, हे त्यांना जुन्या कंपनीतल्या एका इंजिनियरने समजावलं. जवळपास कुणीतरी बेकायदा बूस्टर बसवला असणार. बूस्टर म्हणजे रेंज वाढवायचं खोकं. ते सारखं टॉवरच्या कानात ओरडत राहतं. टॉवरचं बोलणं आपल्या फोनला ऐकू येतं म्हणून कांड्या दिसतात, पण आपलं बोलणं टॉवरला ऐकू जात नाही. "टॉवर बहिरा झालाय तुमचा," तो म्हणाला. असा ओरडा कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघता येतो, हेही त्यानेच सांगितलं आणि आपल्याकडचा जुना डोंगल दिला.

आबांच्या मनात गुन्हेगार ठरलेला होता. वाडीजवळच्या धरणाच्या पाण्याला लागून पुण्याच्या एका शेठचा शनिवार-रविवारचा बंगला होता आणि त्याच्या गच्चीवर नवा अँटेना. आबा विचारायला गेले, तर वॉचमनने फाटकही उघडलं नाही. "परवानगी न्हाई," म्हणाला.

पुढे लॅपटॉपवर पहिल्यांदा 'परमिशन डिनाइड' उमटलं तेव्हा आबांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "हितंबी तोच बसलाय व्हय?"

परवानगी मिळवायला कमांडच्या आधी 'सुडू' लिहायचं असतं. म्हणजे हे काम मालकाच्या अधिकाराने कर. आबांनी ती चार इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली आणि पहिल्यांदा हसले. "सूडो. आमच्या मनातलं ह्यांना कुनी सांगितलं?" तेव्हापासून गरज असो नसो, प्रत्येक ओळीच्या आधी सूडो. साधी तारीख बघायची तरी सूडो.

ते काम सोपं नव्हतं. एक सॉफ्टवेअर टाकायला जावं तर ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं. "ह्यो तलाठी हाय का?" आबा विचारायचे. "आज हा कागद, उद्या त्यो." टाइप करताना ते एखादं अक्षर हमखास गाळायचे आणि चूक लॅपटॉपची आहे म्हणून त्याच्याशी भांडायचे. मी म्हटलं, "आबा, मी करून देते दहा मिनिटांत." तर म्हणाले, "न्हाई. म्या करनार. माजा हात लागला पायजे."

सगळं बसलं, तरी रेडिओच्या प्रोग्रामला डोंगल काही सापडेना. असे डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेले असतात. तो जोडला की लिनक्स आपणहून टीव्हीचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, लावतं आणि मग रेडिओच्या प्रोग्रामला तो मिळतच नाही. उपाय म्हणजे त्या ड्रायव्हरचं नाव एका काळ्या यादीत टाकायचं.

"काळी यादी? आन् हितं नाव टाकलं का तो परत येत न्हाई?"

"नाही येत. चालू करतानाच त्याला बाहेर ठेवतात."

"लय चांगलं." त्यांनी ते नाव पाटीवर गिरवावं तसं सावकाश टाइप केलं. मग खाली बोट ठेवून म्हणाले, "अजून एक टाकू का?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "म्या शेठला हात लावनार न्हाई, ताई. त्याचं कुनीतरी असंच पडल. त्याच्या हातात फोन असल, कांड्या भरलेल्या असत्याल, आन् फोन लागनार न्हाई. तेवडं मला बगायचंय." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

मग एके दिवशी ते चाललं. पडद्यावर निळ्या रंगाचा एक पट्टा वरून खाली सरकू लागला, मध्ये मध्ये पिवळ्या रेघा. जिथे आवाज जास्त तिथे पिवळं जास्त. ह्या चित्राला धबधबा म्हणतात, मी सांगितलं. आबा बराच वेळ बघत राहिले. "लोनावळ्याला लोक गर्दी करत्यात धबधब्याला," ते म्हणाले. "माजा ह्यो बरा. ह्याच्यात एकालाच बुडवायचाय."

मे महिन्यात मी गाडी घेऊन त्यांच्या वाडीला गेले. दारात मावशी बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. स्ट्रोकनंतर त्यांची सगळी वाचा गेली होती, दोनच शब्द राहिले होते: असू दे. भूक लागली तरी असू दे, म्हैस सुटली तरी असू दे, आबांवर चिडल्या तरी असू दे. सूर तेवढा बदलायचा. माझा हात धरून त्या प्रेमाने म्हणाल्या, "असू दे, असू दे." बस असं त्यांना म्हणायचं होतं.

"लय बोलायची," आबा अँटेना गाडीत ठेवता ठेवता म्हणाले. "म्या म्हनायचो, जरा गप बस की."

अँटेना त्यांनी स्वतः केला होता. लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमच्या नळ्या ठोकलेल्या, माशाच्या काट्यासारखा. तो ज्या दिशेला धरावा तिकडचा आवाज जास्त पकडतो. आम्ही टेकाडावर उभे राहिलो. लॅपटॉप माझ्या हातात, अँटेना आबांच्या. बंगल्याकडे वळवला आणि पडद्यावर पिवळा पट्टा उमटला.

"हाय," आबा म्हणाले. "हाय का न्हाई?"

"आहे."

एका जागी स्वस्थ उभं राहणं त्यांना जमेना. अँटेना घेऊन ते तसेच गर्रकन वळले आणि पडदा पुन्हा उजळला. पहिल्यापेक्षा जास्त. तोंड होतं धरणाच्या दुसऱ्या काठाकडे, जिथे त्यांच्या मेहुण्याचे पर्यटकांसाठीचे तंबू होते.

आबांनी अँटेना खाली केला, पुन्हा वर केला. "मशीन चुकलंय."

"जवळ जाऊन बघू," मी म्हटलं.

मेहुणा आनंदाने सामोरा आला. चाळिशीतला, हसरा, गळ्यात शिट्टी. "या दाजी, या ताई," म्हणत खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. आबांनी काही विचारायच्या आत त्याची नजर लॅपटॉपवर गेली. "रेंज बगताय व्हय? आमच्याकडं फुल हाय. बूस्टर लावलाय की. गिऱ्हाइकं रेंज न्हाई म्हनून बोंबलायची. गेल्या दसऱ्याला लावला, लय भारी चालतोय." आणि हसून पुढे म्हणाला, "त्या बंगलेवाल्यानं माजं बगूनच ह्या संक्रांतीला बसवला."

मावशी पडल्या ती कापणी संक्रांतीच्या आधीची. मी आबांकडे बघितलं नाही. धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले.

आबांनी चहा पूर्ण घेतला. कप धुऊन ठेवला. परत येताना वाडी आली तेव्हा म्हणाले, "त्याचाच फोन पयला लागला व्हता. माजा जीव लय सुकावला व्हता, ताई, त्याचा आवाज ऐकून."

आठवड्याने ते दुकानात आले. सरकारी वायरलेस खात्याकडे ऑनलाइन तक्रार करायची होती. बंगल्याची जागा, पडद्याचे फोटो, सगळं मी भरलं आणि थांबले.

"दुसराबी टाका," आबा म्हणाले.

"आबा, त्याला माहीत नव्हतं."

"शेठला तरी कुटं म्हाईत व्हतं?"

मी विचारलं, "मावशींना सांगितलंत?"

"सांगितलं. असू दे म्हनली."

"मग?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तिला दुसरं काय म्हनता येतंय का?"

मी दुसरं नावही टाकलं.

श्रावणात सरकारी गाडी आली. दोन्ही खोकी उतरवली, नोटिसा दिल्या. शेठ त्या दिवशी पुण्यातच होता. वॉचमनने सही केली, आणि पुढच्या रविवारी बंगल्यावर नेहमीसारखी गाणी वाजत होती. आबांनी ज्याला बुडवायचं ठरवलं होतं त्याचा पायही ओला झाला नाही. मेहुणा मात्र घाबरला. खटला होईल, पोलीस येतील, म्हणून त्याने काही दिवस तंबू बंद ठेवले. तक्रार बंगल्यावाल्याने केली असणार अशी त्याची समजूत होती. ती आबांनी राहू दिली नाही. स्वतः चालत गेले आणि सांगून आले. पुढे ते मला त्यांच्याच तोंडून कळलं.

"म्या म्हनलं, तक्रार म्या दिली. तो म्हनला, दाजी, त्या दिशी म्या गाडी आनली व्हती. म्या म्हनलं, व्हय. उशिरा आनलीस. तुज्याच खोक्यामुळं उशिरा आनलीस."

"मग काय म्हणाला?"

"खाली बसला."

एवढं सांगून आबा माझ्या दुकानातल्या पंख्याकडे बघत बसले. सूड पुरा झालेला माणूस कसा दिसतो हे बघायची मलाही उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. ते जड अंगाचे दिसत होते, भर उन्हात पोतं वाहून आल्यासारखे. पण पस्तावलेले दिसत नव्हते. "तक्रार परत द्यावी लागली तर परत दीन," म्हणाले.

वाडीत फोन लागू लागले. आबांचे आभार कुणी मानले नाहीत. सख्ख्या मेहुण्याची तक्रार करणारा म्हणून लोक त्यांच्याशी जपून बोलायला लागले, एवढंच.

भाऊबीजेला सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, गाडी घिऊन येता का? तिला न्यायचंय." कुठे ते सांगितलं नाही. गेले, तर मावशी नवं लुगडं नेसून तयार. ताटात निरांजन, कुंकू, सुपारी आणि घरचे लाडू. आबांनी शेजारणीच्या मदतीने उचलून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पुढे बसले. तंबूंच्या फाटकाशी गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत.

"तुमी तिला घिऊन जा," म्हणाले. "म्या हितंच."

मी मावशींना धरून आत नेलं. मेहुणा धावत आला आणि बहिणीच्या पायाशीच बसला. मावशींनी डाव्या हाताने कुंकू लावलं. ते कपाळावरून भुवईपर्यंत ओघळलं. त्याने पुसलं नाही. ताट त्यांना एका हाताने फिरवता येईना, म्हणून खालून त्यानेच धरलं आणि स्वतःला आपणच ओवाळून घेतलं. मावशी काहीतरी सांगत होत्या, लांबलचक, तेच दोन शब्द वेगवेगळ्या सुरांत. तो मान हलवत रडत होता.

आबा गाडीत काच वर करून समोर बघत होते.

परत निघताना अडचण झाली. वाट उताराची, आणि मावशी दमलेल्या. माझ्याने एकटीने त्यांना उचलवेना. मेहुण्याने एका बाजूने आधार देऊन त्यांना गाडीपर्यंत आणलं, पण सीटवर चढवताना दुसऱ्या बाजूने माझा जोर पुरेना. तेव्हा आबा उतरले. दुसऱ्या बाजूने बायकोच्या काखेत हात घातला. एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ, मध्ये त्या. दोघांची डोकी इतकी जवळ आली की एकमेकांच्या श्वासाचा वास येत असणार. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मेहुण्याने लुळा पाय अलगद उचलून आत ठेवला, आबांनी लुगड्याचा सोगा दारात अडकू नये म्हणून आत सारला.

मग आबांनी दार लावलं, पुढे येऊन बसले आणि म्हणाले, "चला, ताई."